सव्वा महिन्यानंतरची नोंद : बारामती व इंदापूर तालुक्यांतील मातांचा रक्तदाब

मुंबई इलाख्याच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव येते ते जमिनीच्या मोजणीमुळे. १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी आपली शेतवार पाहणीची पद्धत प्रथम येथेच अमलात आणली. शेताची प्रत ठरवावी, त्यावर आकार बसवावा, तो तीस वर्षे कायम ठेवावा आणि मुदत संपताच फेरपाहणी करावी, असा तिचा क्रम होता. याच मुलखातील बाळंतिणीची नोंद मात्र सव्वा महिन्यातच मिटत आली. तिच्या पुढील आयुष्यातील हृदयविकाराचा एक दुवा त्यामुळे कसा निसटला, हे पाहण्याचा या टिपणाचा हेतू आहे.

गरोदरपणातील आकडी पुरातन काळापासून ठाऊक होती. खेड्यांत तिला कोणी फेफरे म्हणत, कोणी बाहेरची बाधा. १८४३ साली लंडनच्या गाय रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी अशा स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन असल्याचे दाखविले. परंतु रक्तदाब मोजण्यास रीव्हा-रोची यांचे १८९६ चे उपकरण आणि कोरोट्कॉफ यांची १९०५ ची श्रवणपद्धती यावी लागली. नीरा डावा कालवा त्यापूर्वीच, १८८५ मध्ये, वाहू लागला होता. पाणी आले, ऊस आला, १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखानाही उभा राहिला. रक्तदाबमापक खेड्यापर्यंत येण्यास मात्र फार काळ लागला.

त्या काळी प्रश्न होता तो केवळ जीव वाचविण्याचा. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबई शहरातील मातामृत्यूंची कारणे शोधून १९४१ मध्ये अहवाल दिला. १९४६ च्या भोर समितीने देशातील मातामृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे सुमारे २० धरले. इतक्या माता दगावत असता, जी वाचली ती बरी झाली असे समजले गेले, याबद्दल त्या पिढीस दोष देता येणार नाही.

पण ती खरोखर बरी झाली होती काय? अमेरिकेतील जर्सी सिटी येथे लिओन चेस्ली यांनी १९३१ ते १९५१ या काळात आकडीतून वाचलेल्या २७० स्त्रियांचा माग १९७० नंतरही सोडला नाही. ही खरी फेरपाहणी. पहिल्या खेपेस आकडी आलेल्यांत पुढे जादा मृत्यू त्यांना आढळले नाहीत. नंतरच्या खेपेस आलेल्यांत मात्र आढळले. पुढील संशोधनाने चित्र अधिक गंभीर केले. २००७ साली बेलामी व सहकाऱ्यांनी २५ अभ्यास एकत्र तपासले. पूर्वगर्भाक्षेप होऊन गेलेल्या स्त्रियांत पुढे कायमच्या उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे ३.७ पट, हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराचा सुमारे दुप्पट व पक्षाघाताचा १.८ पट निघाला. गरोदरपण रक्तवाहिन्यांना इजा करते, की आधीच असलेला दुबळेपणा उघड करते, हा वाद मिटलेला नाही. प्रस्तुत लेखकास दोन्हींत तथ्य वाटते.

आपल्याकडे या प्रश्नास आणखी एक पदर आहे. हा विकार पहिलटकरणीस अधिक होतो, आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. लेक इंदापूर तालुक्यातील माहेरी बाळंत झाली व बारामतीकडे सासरी परतली, तर तिच्या वाढलेल्या रक्तदाबाचा कागद माहेरीच राहण्याचा संभव असतो. पन्नाशीत छातीत दुखू लागल्यावर जो डॉक्टर तिला तपासतो, त्यास तो कागद दिसत नाही. मायेच्या एका चांगल्या रीतीने इतिहासाचे असे दोन तुकडे होतात.

आता साधने पुष्कळ आहेत. मॅग्नेशियम सल्फेटने आकडीचा धोका निम्म्यावर येतो, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे वाचणाऱ्या माता वाढल्या. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस शासकीय केंद्रांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. बारामतीस २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. तथापि तिशी ओलांडलेल्यांसाठी आशा कार्यकर्ती जे प्रपत्र भरते, त्यात वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, श्रम व घरातील रोग यांस गुण आहेत. गरोदरपणातील रक्तदाबास नाही.

कागद हरवला तरी साक्षीदार हयात आहे. पहिल्या खेपेस हातापायांवर, तोंडावर सूज आली होती काय, डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचे सांगितले होते काय, आकडी आली होती काय, बाळ दिवस भरण्यापूर्वीच काढावे लागले काय, एवढे चार प्रश्न विचारले तर तीस वर्षांपूर्वीची हकीकत बहुतेक बाया सांगू शकतात. त्या प्रपत्राच्या कडेला ती उत्तरे लिहून घेण्यास दोन मिनिटे लागतील.