असरच्या दोन अजानी
१२. ‘तासाभरात दोनदा अजान’: यात कुणाचे घड्याळ चुकलेले नाही. असर ही दुपार कलल्यानंतरची नमाज. तिची वेळ सावलीवर ठरते. ऐन मध्यान्हीची सावली वजा करून उरलेली सावली वस्तूच्या उंचीएवढी झाली, की शाफई परंपरेत असर लागते. हनफींच्या प्रचलित मताप्रमाणे ती दुप्पट व्हावी लागते. मुंबईच्या अक्षांशावर हे अंतर डिसेंबरात सुमारे पाऊण तास, जूनमध्ये सव्वा तास पडते. कोकणी मुसलमान शाफई, उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी; त्यामुळे मुंबईत या दोन्ही अजानी कानावर पडू शकतात. (मगरिबला हा प्रश्न नाही, सूर्य सर्वांचा एकदमच मावळतो.) शिवाय अजान आणि जमात (सामूहिक नमाज) वेगळ्या: वेळ लागल्यावर जमात नेमकी कधी उभी राहील, हे त्या त्या मशिदीच्या सोयीने ठरते आणि तिथल्या फळ्यावर लिहिलेले असते. मूळ लेखकाने यावरून दोन गटांतले वैर गृहीत धरले आहे, ते आम्हाला पटत नाही. कारण ज्यांच्या नावाने हनफी परंपरा ओळखली जाते, त्या अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद अश्-शैबानी हेही एकपट सावलीच मानत.