सत्तर फुटांचा पाईप

पंजाबातल्या आमच्या क्वार्टरमागे पावसाळी पाण्याची मोरी आहे. मार्चमधल्या एका सकाळी टिल्लू मुंगुसामागे तिच्यात शिरला आणि पाऊण तास बाहेरच आला नाही. टिल्लू म्हणजे आमचा जॅक रसेल टेरियर; वजन सहा किलो, मस्ती साठ किलोची. एका बॅचमेटची बदली फील्डला झाली तेव्हा "दोन महिने सांभाळ" म्हणून आला, त्याला आता दीड वर्ष झालं. मोरीच्या तोंडाशी उकिडवा बसून हाका मारताना मला स्मोकी आठवली.

टेरियर हे नावच 'टेरा' या लॅटिन शब्दावरून आलंय. टेरा म्हणजे जमीन. भोक दिसलं की शिरायचं, हा यांचा धर्म. स्मोकी होती यॉर्कशायर टेरियर. आज या जातीच्या डोक्यावर रिबिनी बांधतात, पण मूळ कुळी गिरणी कामगारांची. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधून यॉर्कशायरात पोटासाठी आलेल्या विणकरांबरोबर तिचे पूर्वज आले आणि गिरण्यांत उंदीर मारू लागले.

1944 साली न्यू गिनीच्या जंगलात एका ओसाड खंदकात अमेरिकन सैनिकाला ही स्मोकी सापडली. इंग्रजी हुकूम कळेनात, म्हणून जपानी असेल असं वाटलं. युद्धकैद्यांच्या छावणीत नेऊन पाहिलं, तर जपानीही कळेना! पुढे ज्याच्या हाती ती आली, त्याला पत्त्यांच्या डावासाठी पैसे हवे होते. क्लीव्हलंडच्या बिल विनने दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना ती घेतली. वजन चार पौंड, उंची सात इंच.

विन हवाई छायाचित्रण करणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये होता. स्मोकी त्याच्या तंबूत, पत्त्यांच्या टेबलाच्या हिरव्या कापडावर झोपायची. ती सैन्याच्या दफ्तरी नव्हती. त्यामुळे रेशन नाही, पशुवैद्य नाही. विनच्या ताटातलं डबाबंद मांस हेच जेवण. विन डेंग्यूने आजारी पडला, तेव्हा मित्रांनी तिला इस्पितळात आणलं. नर्सेस तिला जखमींच्या खाटांपाशी फिरवू लागल्या. अक्षरं उचलून स्वतःचं नाव जुळवण्यापर्यंत कसरती विनने तिला शिकवल्या होत्या.

सिग्नल्सवाल्या वाचकांनी पुढचं नीट वाचावं. 1945 च्या जानेवारीत, फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर, लिंगायेन आखाताजवळच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. खाली आठ इंच व्यासाचा, सत्तर फूट लांब पाईप. सांध्यांतून वाळू झिरपून काही ठिकाणी जेमतेम चार इंच जागा उरलेली. धावपट्टी खोदायची तर तीन दिवस लागणार आणि तेवढे दिवस चाळीसेक विमानं हल्ल्याच्या तोंडी राहणार. विनने तिच्या पट्ट्याला दोरी बांधली, स्वतः पलीकडच्या तोंडाशी गेला आणि हाका मारू लागला. मध्ये दोरी अडली, सुटली. दोनेक मिनिटांत स्मोकी बाहेर आली.

तिचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र विनची ती दोन मिनिटं महत्त्वाची वाटतात. पाईपात अडकली असती तर तिला काढायला धावपट्टी कोणी खोदली नसती. हे त्याला माहीत होतं. तरीही दोरी त्यानेच बांधली. आपण जवानांना पेट्रोलवर पाठवतो तेव्हा छातीत जे होतं, ते मी इथे जास्त लिहीत नाही; ज्यांनी पाठवलंय त्यांना कळेल.

युद्ध संपल्यावर तिला जहाजावर न्यायची परवानगी नव्हती. ऑक्सिजन मास्कच्या पिशवीत लपवून विनने तिला घरी नेलं. नियम मोडला, हे अधिकारी म्हणून मला दिसतं. मीही मोडला असता. 1957 च्या फेब्रुवारीत ती गेली, तोवर त्याच्याच घरी होती. क्लीव्हलंडजवळच्या लेकवूडमध्ये आता तिचं स्मारक आहे: सैनिकी हेल्मेटमध्ये बसलेली स्मोकी.

टिल्लू शेवटी शेजारच्या बंगल्यातून चिखलाने माखून आला, मुंगुसाशिवाय. त्याच आठवड्यात माझी ऑर्डर आली: फील्ड, कुटुंबाला परवानगी नाही. आणखी एका मित्राला "दोन महिने सांभाळ" म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. बायकोने तोंड उघडू दिलं नाही. टिल्लू तिच्याबरोबर साताऱ्याला, सासूबाईंकडे गेला. काल फोनवर कळलं, अंगणातली शेवंती मुळासकट उकरून झाली आहे आणि सासूबाई त्याला तूप-पोळी घालतायत.