स्पेक्ट्रम आणि कमोडोर : एका स्नेहमय चढाओढीचा इतिहास



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी जुन्या गृहसंगणकांचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु शाहिरी वाङ्मयाचा अभ्यास करताना कलगी आणि तुरा या दोन पक्षांचा झगडा मला नेहमीच मोहवीत आला आहे. शक्ती थोर म्हणणारे कलगीवाले आणि शिव थोर म्हणणारे तुरेवाले फडात एकमेकांना कूटप्रश्न घालीत. प्रतिपक्षाला उत्तर द्यायचे तर आधी त्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे लागे. विरोधातून ज्ञान वाढते आणि त्या ज्ञानातून वस्तूचे जतनही होते, असे जे मला त्या शाहिरीत दिसले, तेच अगदी वेगळ्या भूमीवर, विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडले. त्याची हकीकत आज मांडावयाची आहे.

१९८० साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजमधील कंपनीने झेडएक्स ८० हा संगणक शंभर पौंडांच्या आत विकावयास काढला. पुढच्याच वर्षी आलेला झेडएक्स ८१ जोडून तयार असा ६९.९५ पौंडांस आणि सुट्या भागांच्या रूपात ४९.९५ पौंडांस मिळू लागला. संगणक ही कचेऱ्यांची आणि विद्यापीठांची वस्तू मानली जात असताना तो सामान्य कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत आला, ही क्रांतीच म्हणावी लागेल. २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर झाला. सोळा किलोबाइट स्मृतीचा १२५ पौंडांस, अठ्ठेचाळीस किलोबाइटचा १७५ पौंडांस. रबरी कळांचे ते छोटेसे काळे यंत्र दूरचित्रवाणी संचाला जोडावे, घरातल्या साध्या टेपरेकॉर्डरवरून आज्ञावली त्यात भरावी, आणि काम सुरू करावे.

त्याच वर्षी अमेरिकेतून कमोडोर ६४ आला. या कंपनीचे प्रमुख जॅक ट्रॅमिएल मूळचे पोलंडमधील वुच शहराचे. ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचून ते अमेरिकेत गेले आणि टंकलेखन यंत्रांच्या धंद्यातून वर आले. चौसष्ट किलोबाइट स्मृती, पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे सरकणारी आठ चित्रे आणि तीन स्वरांची सिड नावाची ध्वनिचिप ही त्या यंत्राची वैशिष्ट्ये. सिडचे रचनाकार बॉब यानेस यांच्या मनात खेळण्यातली पिपाणी नव्हती. त्यांना वाद्य घडवायचे होते. इंग्लंडमध्ये मात्र त्याची आरंभीची किंमत ३९९ पौंड होती, म्हणजे मोठ्या स्पेक्ट्रमच्या दुपटीहूनही अधिक.

येथून पक्ष पडले. शाळेच्या मधल्या सुटीत स्पेक्ट्रमवाले आणि कमोडोरवाले यांच्यात वाद झडू लागले. वरवर पाहता ही पोरांची भांडणे. पण त्यांतले मुद्दे तपासून पाहिले की त्यांचे मोल कळते.

कमोडोरवाल्यांचा पहिला टोमणा रंगांचा असे. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर एक आकृती दुसरीच्या जवळ गेली की तिचे रंग दुसरीला लागत. याचे कारण काटकसरीत होते. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२, म्हणजे एकूण ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला पंधरा-सोळा रंगांची मोकळीक द्यायची तर सुमारे चोवीस किलोबाइट स्मृती नुसत्या चित्रातच खर्ची पडली असती. सोळा किलोबाइटच्या यंत्रात ती आणायची कोठून? म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीला दोनच रंग ठरवून देण्यात आले आणि सारे चित्र ६,९१२ बाइटांत बसले. हे गणित जाणणारा स्पेक्ट्रमवाला त्या दोषाकडे बोट दाखवून म्हणू शके की आमच्या यंत्राची किंमत तुमच्याहून निम्मी का, ते येथे पाहा.

त्याचा प्रतिटोला असा : कमोडोरमध्ये एवढी चित्रकला आणि एवढे संगीत, पण त्याच्या अंगभूत बेसिक भाषेत वर्तुळ काढण्याची वा सूर वाजविण्याची एक साधी आज्ञा नाही! प्रत्येक गोष्टीसाठी स्मृतीच्या खणांत आकडे नेऊन ठेवावे लागत. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये रेषा, वर्तुळ आणि सूर यांना सरळ आज्ञा होत्या. शिवाय कमोडोरला स्वतःचाच कॅसेटयंत्र लागे, साधा टेपरेकॉर्डर चालत नसे. मग वाद प्रक्रियकाच्या वेगावर येई. स्पेक्ट्रमचा साडेतीन मेगाहर्ट्झ, कमोडोरचा जेमतेम एक. परंतु दोन्ही प्रक्रियकांना एकेका कामासाठी लागणारे ठोके वेगवेगळे असल्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते, हे पंधरा वर्षांच्या मुलांनी अशा वादांतूनच शिकून घेतले. प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करण्याच्या ईर्ष्येने त्यांनी यंत्राच्या अंतरंगात प्रवेश केला.

दोन्ही पक्षांना पोसणारे हात पुष्कळदा एकच होते, हीही मौजेची गोष्ट. स्पेक्ट्रमवाल्यांचे ‘क्रॅश’ हे मासिक १९८४ मध्ये निघाले आणि कमोडोरवाल्यांचे ‘झॅप सिक्स्टीफोर’ १९८५ मध्ये. दोन्ही लडलो या लहानशा गावातील न्यूजफील्ड या एकाच प्रकाशनसंस्थेची. लोकप्रिय खेळही एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात. अशा रूपांतरकाराला दोन्ही यंत्रांची नस ठाऊक असावी लागे. तो या वादातला खरा दुभाषी.

तिसराही एक पक्ष होता. क्रिस करी हे सिंक्लेअर यांचे पूर्वीचे सहकारी. त्यांनी हर्मन हाउझर यांच्यासह १९७८ मध्ये एकॉर्न ही कंपनी काढली. तिचा बीबीसी मायक्रो १९८१ च्या अखेरीस आला आणि ब्रिटिश शाळांत स्थिरावला. १९८४ च्या नाताळाच्या सुमारास, एकॉर्नच्या एका जाहिरातीवरून सिंक्लेअर आणि करी यांच्यात केंब्रिजच्या एका मद्यालयात प्रत्यक्ष हातघाई झाली. मालक हातघाईवर आले. त्यांची यंत्रे वापरणारी मुले मात्र भांडून झाल्यावर संध्याकाळी एकमेकांच्या घरी खेळायला जात. स्नेहमय चढाओढ आणि वैर यांतला भेद याहून स्पष्ट कोणता दाखवावा?

या तिसऱ्या यंत्राशी आपल्या देशाचा संबंध आला. १९८४ साली भारत सरकारने ‘क्लास’ या नावाने संगणक साक्षरतेचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला आणि सुमारे २५० शाळांतून बीबीसी मायक्रो बसविले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याच यंत्राची ‘युनिकॉर्न’ ही भारतीय आवृत्ती काढली. पण आपल्याकडे यंत्र शाळेच्या कुलूपबंद खोलीत होते, घरात नव्हते. त्यामुळे त्याला विद्यार्थी मिळाले. अभिमानी आणि प्रतिपक्ष मिळाले नाहीत. या फरकाचा परिणाम पुढे सांगतो.

कंपन्या अल्पायुषी ठरल्या. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअर यांनी संगणकांचा व्यवसाय पन्नास लाख पौंडांस अ‍ॅमस्ट्रॅडला विकला. ट्रॅमिएल यांनी १९८४ मध्येच कमोडोर सोडली होती. ती कंपनी एप्रिल १९९४ मध्ये बंद पडली. एकॉर्नने १९८५ मध्ये घडविलेल्या आर्म प्रक्रियकाची संतती आज आपल्या खिशातील भ्रमणध्वनीत आहे, पण ती कंपनीही राहिली नाही. ट्रॅमिएल २०१२ मध्ये आणि सिंक्लेअर २०२१ मध्ये निवर्तले. वादाचे मूळ धनी गेले, वाद उरला.

आणि त्या उरलेल्या वादानेच यंत्रे वाचविली. कमोडोरच्या चित्राभोवतीची रिकामी चौकट कायमची बंद आहे, असे मानले जाई. पडदा रेखाटला जात असताना नेमक्या ओळीला चिपची फसवणूक केली, तर ती चौकट उघडते आणि तेथेही चित्र उमटते, हे अभिमान्यांनी दाखवून दिले. सिडच्या आवाज कमी-अधिक करण्याच्या खणाचा उपयोग करून त्यांनी तीन स्वरांपलीकडे मानवी आवाजही वाजविला. स्पेक्ट्रमवाले स्वस्थ कसे बसणार? प्रक्रियकाचे ठोके मोजून, पडदा रेखाटला जात असतानाच चौकटींचे रंग बदलून त्यांनी तो जुना रंगदोष पुष्कळ अंशी हटविला. जी मर्यादा टोमण्याचा विषय होती, ती कौशल्याची कसोटी झाली. अशा करामतींच्या कलेला ‘डेमोसीन’ म्हणतात. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये तिला आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत स्थान दिले.

जतनाचे कामही याच मंडळींनी केले. कॅसेटवरील चुंबकीय लेप झिजतो. म्हणून हजारो खेळ वेळीच उतरवून घेतले गेले, आणि सिडवरील पन्नास हजारांहून अधिक रचनांचा संग्रह सिद्ध झाला. शाहिरांच्या बाडांवरून नकला करून घेणारे आपले जुने संग्राहक मला येथे आठवतात. प्रतिपक्षाचा संग्रह मोठा होतो आहे, मग आपला मागे का राहावा, या भावनेचाही त्यात वाटा असलाच पाहिजे.

आता मघाचा फरक. आपल्या शाळांतील त्या यंत्रांभोवती असा अभिमानी समाज उभा राहिला नाही. त्यांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आज्ञावली, शिक्षकांनी काढलेल्या टाचणवह्या, यांविषयी लिहिलेले फारच थोडे आढळते. ज्या वस्तूसाठी कोणी भांडत नाही, ती अडगळीत जाताना कोणी अडवीतही नाही. तेव्हा दहावीत असलेली मुले आता साठीच्या आसपास आहेत. त्यांच्यापाशी आठवणी आहेत, क्वचित एखादी वही वा फीतही असेल.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की आपल्या घरी असे काही असल्यास ते रद्दीत घालण्यापूर्वी शाळेच्या ग्रंथालयात दाखवावे, आणि आठवणी लिहून द्याव्यात. कोणाचे यंत्र श्रेष्ठ होते याविषयी त्यांत मतभेद असतील तर उत्तमच. दोन्ही बाजू नोंदवून ठेवा. पुढे येणाऱ्या अभ्यासकाला एकमतापेक्षा अशा मतभेदांतूनच अधिक सापडते.

 ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्या गुरुजनांस वंदन करून मी माझे व्याख्यान पुरे करतो.