मालक नसलेल्या कामगाराचा कायदा

कारखान्यांच्या कायद्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: एक मालक, एक गेट, एक हजेरीपट. आता मुंबईच्या बाजारातला हमाल घ्या. सकाळी या गाळ्यावर पोती, दुपारी त्या ट्रकवर. मजुरी टोळीच्या मुकादमाकडून. मग त्याचा मालक कोण? व्यापारी म्हणे, आमचा माणूस नव्हे. पोत्याखाली पाय सापडला तर भरपाई मागायची कुणाकडे?

अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. बीज गोदी कामगारांच्या १९४८ च्या कायद्यात होतं. गंमत अशी की, या कायद्याने 'मालक कोण' हा वाद मिटवत बसण्याऐवजी बाजूलाच ठेवला. कामगार, मालक आणि सरकार यांचं मंडळ नेमलं. हमाल आणि व्यापारी, दोघांची नोंद तिथेच. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. पगार, फंड, बोनस, रजेचे पैसे मंडळाने द्यायचे.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून आम्हाला यातलं मर्म असं दिसतं: हक्क मालकाशी असलेल्या नात्याला न चिकटता कामाला चिकटला. उणीव एकच, पण मोठी. ज्याची नोंद नाही, त्याला मंडळही नाही.

आज दारात जेवण आणून देणारा मुलगा आपण पाहतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याला 'गिग कामगार' हे नाव मिळालं. पण प्रश्न हमालाचाच आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं उत्तर आपल्याच घरात आहे.