वेल्डिंग व गॅस कटिंग : आग आणि स्फोटाचा प्रतिबंध

धातू जोडताना वा कापताना निघणारी उष्णता, ठिणग्या आणि तापलेल्या धातूमुळे आग लागू नये किंवा स्फोट होऊ नये, यासाठी घ्यायची दक्षता. ऑक्सिजन-ॲसिटिलीन ज्योतीचे तापमान ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ज्योतीपाशी कारागिराचे लक्ष असते. घात बहुधा दूर उडालेल्या ठिणगीने होतो. म्हणून सुमारे ११ मीटरच्या आतले ज्वालाग्राही सामान हलवावे, ते जमत नसेल तर न पेटणाऱ्या आच्छादनाने झाकावे, जमिनीतल्या फटी बुजवाव्यात.

९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजाचे सैन्यवाहू जहाजात रूपांतर चालू होते. दालनातले खांब गॅसने कापताना ठिणगी शेजारी रचलेल्या लाइफ जॅकेटांवर पडली. त्यांत कापोक हा सावरीच्या जातीचा कापूस होता. आग झपाट्याने पसरली. विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याच्या भाराने ते प्रचंड जहाज दुसऱ्या दिवशी कलंडले.

स्फोटाचा सर्वांत मोठा धोका ‘रिकाम्या’ पिंपात असतो. तेल ओतून काढले तरी सांध्यांत थोडे उरतेच; उष्णतेने त्याची वाफ होते, आत हवा असतेच, आणि झाकण किंवा तळ उडून कारागिराचा जीव जातो. नुसते पाण्याने विसळणे पुरेसे नाही. टाकी वाफेने धुवावी किंवा नायट्रोजनने भरावी आणि गॅसमापकाने तपासल्यावरच ज्योत लावावी. कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ३७ नुसार अशी खबरदारी घेतल्याशिवाय कारखान्यात ज्वालाग्राही पदार्थाच्या टाकीवर वेल्डिंग वा कटिंग करण्यास मनाई करण्यात आली.

ॲसिटिलीन सुमारे १ बारहून अधिक दाबाने वापरू नये. हवा नसतानाही त्याचे स्फोटक विघटन होऊ शकते. त्याचा सिलिंडर उभाच ठेवावा. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल किंवा ग्रीसचा हातही लागू नये आणि त्या वायूने कपड्यांवरची धूळ मुळीच झटकू नये: ऑक्सिजन मुरलेले कापड एका ठिणगीने भडकते. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च टाकीत सोडून जाऊ नये, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा.

भुश्यात किंवा गोणपाटात पडलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते. अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी मानकात काम संपल्यावर किमान एक तास पहारा सांगितला आहे. इतका वेळ थांबायला माणूस नसेल, तर गोदामात संध्याकाळी कटिंग सुरूच करू नये.