सामत्यापासून विजेच्या ड्रिलपर्यंत

भोंक पाडणें ही मनुष्याची अति प्राचीन कला होय. मण्यांत दोरा ओवावयाचा असो, तुळईंत खुंटी ठोकावयाची असो, किंवा दाराला बिजागरी बसवावयाची असो, आधीं भोंक हवें. ही कला ज्या हातांनीं साधली त्या हातांचें रक्षण कसें झालें, हा तिच्या इतिहासांतील क्वचितच सांगितला जाणारा भाग आहे.

बीड जिल्ह्यांतील सिरसाळ्यासारख्या गांवांत सुतार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. नांगर, वखर आणि तिफण हीं त्याच्या हातचीं कामें. त्यांत तिफणीचें चाडें विशेष कसबाचें; कारण चाड्यांत सोडलेलें बीं त्याच्या भोंकांतून नळ्यांत आणि नळ्यांतून फणामागें जमिनींत पडतें. भोंकें सारखीं नसलीं तर एक ओळ दाट आणि दुसरी विरळ उगवावयाची. अशीं भोंकें पाडण्याचें सुताराचें जुनें हत्यार म्हणजे सामता. कमानीची दोरी दांड्याला वेढलेली, माथ्यावर तळव्याचा दाब; कमान ओढली कीं पातें उलटसुलट फिरे. काम मंद खरें. परंतु त्या मंदपणांत एक शहाणपण होतें. पातें लाकडाच्या गांठींत अडकलें, तर दोरी दांड्यावरून घसरे. मनगट पिरगळत नसे.

इ. स. १८८९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें आर्थर जेम्स आर्नॉट व विल्यम ब्लँच ब्रेन यांनीं विजेच्या ड्रिलचें पेटंट घेतलें. १८९५ सालीं जर्मनींत स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यांत हातीं धरावयाचें ड्रिल तयार झालें. पुढें १९१७ सालीं अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका असलेल्या ड्रिलचें पेटंट मिळालें. बोट ढिलें पडतांच प्रवाह तुटावा, ही त्या खटक्याची मोठी सोय.

तथापि मोटारीला घसरणारी दोरी नसते. बिट अडकलें कीं यंत्राचें धूडच उलट फिरूं पाहतें व तो हिसका मनगटाला बसतो. यासाठींच काम शेगड्यांत आवळून धरावें, मोठ्या यंत्राची बाजूची मूठ सोडूं नये, आणि बिट आरपार जाण्याच्या सुमारास दाब कमी करावा. चकची किल्ली काढल्यावांचून कळ दाबूं नये. बिट बदलतांना प्लग काढून ठेवावा. डोळ्यांवर चष्मा असावा. सैल बाही, उपरणें किंवा हातमोजा फिरत्या बिटाला गुंतला, तर बोट खटक्यावरून निघण्यापूर्वींच हात ओढला जातो.

हें शहाणपण कायद्यांत येण्यास पुष्कळ काळ लागला. हिंदुस्थानांतील पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या सुमारें ५,५०० गिरणी कामगारांनीं सह्यांचा अर्ज केला. त्यांत रविवारच्या सुटीबरोबरच, कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा अशीही मागणी होती. नुकसानभरपाईचा कायदा आला तो १९२३ सालीं. १९४८ च्या कारखाना कायद्यानें चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे मालकानें पुरवावेत असें बंधन घातलें. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यांत दहा किंवा अधिक कामगार असतील, तरच तो कायदा सामान्यतः लागू होई.

सिरसाळा ज्या तालुक्यांत आहे त्या परळीस औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ सालीं सुरू झाला. वीज खेडोपाडीं पोंचली, तसें सुताराच्या हातीं ड्रिलही आलें. एकट्याच्या दुकानांत मात्र तपासनीस येत नाहीं. तेथें कायदा, मालक आणि कामगार हे तिन्ही एकच मनुष्य असतो. सामत्याची दोरी जें काम न सांगतां करीत असे, तें आतां त्याला स्वतःच्या सावधगिरीनें करावें लागतें. यंत्रानें मनुष्याचे श्रम हलके केले. सावधपणाचें ओझें मात्र वाढविलें.