उंटवाल्यांपासून रीजनल व्हिसापर्यंत

अलीकडे मराठी घरांत 'पीआर' हा शब्द 'एसएससी'इतकाच ओळखीचा झाला आहे. पुण्या-नाशकाकडचा एखादा अभियंता ऑस्ट्रेलियाला निघाला की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "पीआर मिळाला का?" पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. पुष्कळदा उत्तर येते, "तसा नाही, पण रीजनल मिळालाय. पाच वर्षांचा आहे. पुढे होईल पीआर." विचारणारा मान डोलावतो आणि विषय विमानाच्या तिकिटाकडे वळतो.

या 'पुढे होईल'मध्ये काय काय दडले आहे, ते आज पाहू. त्यासाठी दीडशे वर्षांहून थोडे अधिक मागे जावे लागेल. कारण दूरच्या भागासाठी कसबी माणूस बोलवायचा, पण त्याच्या मुक्कामाला मुदत आणि अटी लावायच्या, ही रीत ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या आधीपासूनची आहे.

१८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची प्रसिद्ध मोहीम मेलबर्नहून खंड ओलांडायला निघाली. पुढे कोरडे वाळवंट होते आणि तेथे घोडे, बैल टिकत नसत. म्हणून कराची बंदरातून २४ उंट मागवण्यात आले आणि त्यांच्याबरोबर त्यांना सांभाळणारी माणसेही आली. सिंध प्रांत तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होता आणि १९३६ पर्यंत राहिला. पाच-सहा वर्षांनी टॉमस एल्डर या धनिकाने कराचीहूनच सव्वाशेच्या आसपास उंट आणि सुमारे तीस उंटवाले दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरवले. त्यानंतर हा ओघ वाढत गेला. बलुचिस्तान, सिंध, पंजाब, राजस्थान, अफगाणिस्तान अशा वेगवेगळ्या मुलखांतली ही माणसे. तिथल्या लोकांनी मात्र सरसकट सगळ्यांना 'अफगाण' म्हटले.

ही माणसे त्या काळच्या अर्थाने 'स्किल्ड' होती. उंट कसा लादावा, किती चालवावा, हे ज्ञान तेथे दुसऱ्या कोणाकडे नव्हते. १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या खंडपार तारायंत्राच्या मार्गाला सामान पुरवले ते उंटांनी. खाणी, मेंढपाळांची ठाणी, रेल्वेची कामे हे सारे त्यांच्या पाठीवर चालले. करार बहुधा तीन वर्षांचा असे. बायकामुलांना आणता येत नसे. गावात राहायचे तर वस्तीच्या कडेला, वेगळ्या भागात.

मग १९०१ साल उजाडले. वसाहती एकत्र येऊन नवे राष्ट्र झाले आणि त्याने लगेच स्थलांतर निर्बंध कायदा केला. येणाऱ्याला युरोपातील कोणत्याही भाषेतले ५० शब्दांचे श्रुतलेखन घालता येई. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार. नको असलेला माणूस नापास होणार हे ठरलेलेच. १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा अर्ज करण्याची वाटही बंद झाली. १९२० च्या दशकात मोटारी आल्या, उंटांचे काम संपले आणि अनेकांनी आपली जनावरे वाळवंटात सोडून दिली. ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्जला जाणाऱ्या रेल्वेला लोक 'घान' म्हणू लागले. या माणसांचे नाव गाडीला मिळाले, पण देशात हक्काची जागा मिळाली नाही.

दुसरा प्रसंग १९४७ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील छावण्यांत लाखो निर्वासित अडकले होते आणि ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती. सुमारे १,७०,००० निर्वासितांना तिने आणले. बोनेगिला येथील छावणीत त्यांची पहिली नोंद होई. एक अट होती : दोन वर्षे सरकार सांगेल तेथे, सरकार सांगेल ते काम करायचे. पुरुषांच्या नावापुढे 'मजूर' आणि स्त्रियांच्या नावापुढे 'घरकाम' असे लिहिले जाई. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, अभियंते होते. त्यांच्या पदव्यांना बहुतेक वेळा किंमत मिळाली नाही. नवरा दूरच्या कामावर आणि बायकामुले दुसऱ्याच छावणीत, असेही घडले. बर्फाळ डोंगरांतील 'स्नोई माउंटन्स' हा प्रचंड जलविद्युत प्रकल्प १९४९ ते १९७४ या काळात उभा राहिला. त्यावर तीसहून अधिक देशांतील एक लाखाहून जास्त लोकांनी काम केले.

पण उंटवाल्यांपेक्षा या निर्वासितांचे एक बरे होते. दोन वर्षे संपली की माणूस मोकळा.  गोऱ्या युरोपीय माणसाला हे मिळाले. आशियाई माणसाला मात्र आणखी पाव शतक थांबावे लागले. श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ मध्ये गेली आणि वर्णभेदी धोरण १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने पूर्णपणे संपवले. कॅनडाने १९६७ मध्ये स्थलांतरितांना वय, शिक्षण, भाषा यांवरून गुण देण्याची पद्धत सुरू केली होती. ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये तशीच पद्धत आणली. आता कातडीचा रंग न पाहता गुणपत्रिका पाहिली जाऊ लागली. आपल्याकडील शिकलेल्या मुलामुलींना दार उघडले ते असे.

दार उघडले, पण आलेली माणसे सिडनी आणि मेलबर्न येथेच थांबू लागली. ते साहजिकच होते. नोकऱ्या तेथे, ओळखीचे लोक तेथे, मसाल्यांची दुकानेही तेथे. इकडे दक्षिण ऑस्ट्रेलियासारख्या राज्यांत लोकसंख्या सावकाश वाढत होती आणि लहान गावांतील तरुण शहरांकडे जात होते. त्या गावांना डॉक्टर हवे होते, परिचारिका हव्या होत्या, वेल्डर हवे होते. मग १९९० च्या दशकाच्या मध्यात राज्यांच्या शिफारशीने स्थलांतरित आणण्याच्या योजना सुरू झाल्या. २००४ मध्ये तात्पुरता विभागीय व्हिसा आला. त्याचा क्रमांक ४९५ आणि मुदत तीन वर्षांची. २००७ मध्ये ४७५ आणि ४८७ हे क्रमांक आले. २०१२ मध्ये चार वर्षांचा ४८९ आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पाच वर्षांचा ४९१. क्रमांक बदलले, तरी तत्त्व एकच राहिले : आधी ठरवून दिलेल्या भागात राहून दाखवा, मग कायमचे मागा.

आता पात्रतेकडे वळू. ४९१ साठी वय ४५ च्या आत हवे. आपला व्यवसाय सरकारी यादीत हवा आणि त्या व्यवसायाच्या अधिकृत संस्थेने कौशल्याची तपासणी केलेली हवी. इंग्रजी कामापुरते चांगले हवे, म्हणजे आयईएलटीएसच्या चारही भागांत किमान ६. एखाद्या राज्याची शिफारस हवी, किंवा विभागीय भागात राहणाऱ्या पात्र नातेवाइकाचा आधार हवा. या सगळ्यावर सरकारचे निमंत्रण हवे. ते आल्याशिवाय अर्जच करता येत नाही.

गुणांचे गणित पाहा. २०१९ च्या तक्त्याप्रमाणे तीस वर्षांच्या अभियंत्याला वयाचे ३० गुण, पदवीचे १५, इंग्रजीत प्रत्येक भागात ७ असतील तर १० आणि देशाबाहेरच्या पाच वर्षांच्या अनुभवाचे १०. बेरीज ६५. विवाह, जोडीदार यांचे गुण आपण बाजूला ठेवू. ६५ ही किमान मर्यादा आहे, पण ती गाठली म्हणजे निमंत्रण आले असे नव्हे, कारण रांगेत जास्त गुणांचे लोक उभे असतात. विभागीय व्हिसा मागितला की एकदम १५ गुण वाढतात आणि बेरीज ८० होते. हे पंधरा गुणच माणसाला तिकडे खेचतात.

त्या पंधरा गुणांची किंमत काय? पहिली, जागेची. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडून इतरत्र राहायचे, काम करायचे, शिकायचे. बरोबरच्या कुटुंबालाही तीच अट. मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. येथे एक गंमत सांगायला हवी. २०१९ पासून 'विभागीय' या शब्दात पर्थ आले, ॲडलेड आले आणि देशाची राजधानी कॅनबेराही आली. एकट्या पर्थची वस्ती वीस लाखांवर आहे. म्हणजे 'रीजनल' ऐकून डोळ्यांसमोर लगेच ओसाड माळ आणू नये. पण ज्याची खास नोकरी फक्त सिडनीत आहे, त्याला पर्थ कितीही मोठे असले तरी उपयोगाचे नाही.

दुसरी किंमत कामाची. कौशल्याची तपासणी झाली म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. व्हिसा नोकरीची हमी देत नाही. अनेक सरकारी नोकऱ्यांत नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य मागतात. खासगी मालकही तात्पुरत्या व्हिसाचा कागद पाहून बिचकतात. मग अभियंता गोदामात आणि हिशेबनीस दुकानाच्या गल्ल्यावर, हे दृश्य दिसते. १९४७ मध्ये हे सरकारने हुकूम देऊन केले. आज हुकूम नाही, पण घरभाडे तुंबू लागले की परिणाम तोच होतो.

तिसरी किंमत घरसंसाराची. मुलगा बारावी होऊन विद्यापीठात गेला तर बहुधा परदेशी विद्यार्थ्याच्या दराने फी भरावी लागते आणि सरकारी शैक्षणिक कर्जही मिळत नाही. ४८९ च्या बहुतेकांना 'मेडिकेअर' ही सरकारी आरोग्यसेवा नव्हती. ४९१ मध्ये ती मिळाली, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. घर घेणे मात्र अवघडच. एप्रिल २०२५ पासून तर तात्पुरत्या रहिवाशांसह परदेशी खरेदीदारांना जुने घर घ्यायला दोन वर्षांची बंदी घालण्यात आली. ज्या गावात माणसाने मूळ धरावे अशी सरकारची इच्छा, त्याच गावात जुने घर घ्यायला त्याला ही बंदी आडवी आली.

चौथी किंमत काळाची. ४८९ मध्ये दोन वर्षे राहून आणि एक वर्ष पूर्णवेळ काम करून कायमचा अर्ज करता येई. ४९१ मध्ये तीन वर्षे लागतात आणि तीन वर्षांच्या प्राप्तिकराचे कागद लागतात. या तीन वर्षांत बहुतेक इतर कायम व्हिसांचे रस्तेही बंद राहतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या, तेव्हा असा व्हिसा हातात असलेले कित्येक जण बाहेरच अडकले. घड्याळ चालू होते आणि दार बंद होते. २०२२ मध्ये सरकारने अशा अडकलेल्यांची मुदत तीन वर्षांनी वाढवली. ते योग्यच झाले. पण मधली दोन वर्षे लोकांनी नोकरी सोडावी की धरावी, घर विकावे की ठेवावे, अशा टांगत्या अवस्थेत काढली.

आता हे तिन्ही काळ शेजारी ठेवून पाहू. माणसाला परदेशात तीन गोष्टी हव्या असतात : आपल्या कसबाला मान, राहण्याच्या जागेची निवड आणि मुक्कामाची खात्री. उंटवाल्याच्या कसबाला मान होता, पण मुक्काम नव्हता. निर्वासिताला मुक्काम मिळाला, पण त्याचे कसब वाया गेले. आजच्या व्हिसावाल्याचे कसब मोजले जाते, त्याला गुणही मिळतात, मात्र मुक्कामाची खात्री शेवटच्या दिवसापर्यंत पुढे ढकललेली असते. तोवर जे बिघडेल, म्हणजे नोकरी जाईल, नियम बदलतील, साथ येईल, त्याचा भार ज्याने बोलावले त्याच्यावर फारसा पडत नाही. तो आलेल्याने उचलायचा असतो.

म्हणून हा व्हिसा वाईट, असे मी म्हणणार नाही. त्या मार्गाने गेलेली कितीतरी कुटुंबे ॲडलेड, पर्थ, होबार्ट येथे आनंदाने स्थिरावली आहेत. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरील वूलगूल्गा या छोट्या गावाचे उदाहरण घ्या. १९४० च्या दशकात पंजाबी शीख तेथे केळीच्या बागांत आले. त्यांनी जमिनी घेतल्या, १९६८ मध्ये गुरुद्वारा बांधला आणि त्यांच्या नंतरच्या पिढ्याही तेथेच राहिल्या. त्यांना गावात धरून ठेवले ते स्वतःच्या जमिनीने. व्हिसाच्या अटीने माणूस तीन वर्षे थांबतो. त्यापुढे तो थांबतो तो घर, काम आणि शेजार यांमुळे.

घरातून कोणी निघणार असेल, तर एजंटाला 'गुण किती?' एवढेच विचारू नका. त्या गावात माझ्या व्यवसायाच्या नोकऱ्या किती, शिफारस करणाऱ्या राज्याच्या अटी कोणत्या, बायकोला किंवा नवऱ्याला काम मिळेल का, मुले अठरा वर्षांची कधी होतील, हेही विचारा. तीन वर्षे पुरेल अशी पुंजी आहे का, हे स्वतःला विचारा. 'पुढे होईल' हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.

ॲडलेडमध्ये उंटवाल्यांनी १८८८-८९ मध्ये बांधलेली मशीद अजून उभी आहे. काम संपल्यावर अनेक म्हातारे उंटवाले तिच्या आसऱ्याला येऊन राहिले. १९५० च्या सुमारास युरोपातून आलेले काही मुस्लिम स्थलांतरित तेथे नमाजाला गेले, तेव्हा त्यांना फेटे बांधलेले काही अतिवृद्ध पुरुष भेटले. तीन वर्षांच्या करारावर आलेली ती माणसे होती. उभे आयुष्य तेथे गेले, तरी देशात हक्काची जागा त्यांना मिळाली नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)